डब्यांचं ॲप, गॅसचं बिल आणि बंद ठेवलेली तपासणी

हे प्रकरण परळमधल्या एका महिला बचत गटाचं आहे. गट डबे करतो. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. फसवणूक झालेल्या बाईला पुन्हा चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. आपल्या फोनवर कोणतं ॲप घालायचं हे ठरवण्याचा अधिकार फोन कंपनीकडे किती असावा, यावर मुंबईत कोणालाही विचारलं तर दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘फोन माझा, पैसे माझे, अडवणारे तुम्ही कोण?’ किंवा ‘बरं झालं अडवतात, नाहीतर रोज कोणी ना कोणी लुटला जाईल.’ या गटात सहा-सात महिन्यांच्या अंतराने दोन्ही उत्तरं खरी ठरली, तीही एकाच फोनवर.

गट आणि त्याचा हिशोब

डब्यांची गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. लोअर परळच्या ऑफिसांतली मंडळी कायमची. त्यांचा हिशोब महिन्याचा आणि सरळ. दुसरी म्हणजे केईएम आणि टाटा हॉस्पिटलमध्ये आलेल्या रुग्णांचे नातेवाईक. जळगावहून, रत्नागिरीहून, कधी थेट बिहारमधून आलेले. कोणाचा मुक्काम चार दिवस, कोणाचा दोन महिने. आगाऊ आठवड्याचे पैसे देतात आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो. डबा घेतो मेहुणा, पैसे येतात गावाकडच्या चुलत्याच्या यूपीआयवरून, नाव दिसतं भलत्याच दुकानाचं. त्यात गटाचा क्यूआर कोड फक्त स्वयंपाकघरात चिकटवलेला. हॉस्पिटलच्या फाटकाशी डबे पोचवणाऱ्या काकू स्वतःच्या नंबरवर पैसे घेत, अध्यक्षबाई स्वतःच्या. शनिवारी रात्री तीन फोन आणि एक वही घेऊन बसायचं, आणि कोणाचे कुठून आले ते जुळवायचं. त्यावरून दर आठवड्याला कुरबुर ठरलेली.

खजिनदार ताईंचा मुलगा तेव्हा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने दिवाळीच्या सुट्टीत एक ॲप केलं. बँकेचा ‘रक्कम जमा’ असा एसएमएस आला की ॲप तो वाचायचं, रक्कम आणि पाठवणाऱ्याचं नाव उचलायचं आणि तिघींच्या सामायिक यादीत त्या डब्यापुढे खूण करायचं. नाव जुळलं नाही तर लाल रंग. तेवढंच. मी ते पाहिलं आहे. दिसायला ओबडधोबड, पण शनिवारची बैठक त्याने पाऊण तासावर आणली असती.

प्ले स्टोअरवर ते टाकायचं त्याच्या मनात होतं. खातं उघडायला २५ डॉलर, हे एकवेळ ठीक. पण नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी चाचणी दाखवावी लागते: आधी वीस माणसं, डिसेंबर २०२४ पासून बारा, आणि सलग चौदा दिवस. बारा माणसं गटातच मिळाली असती. अडचण अशी की त्यांतल्या निम्म्या बायकांचं गुगल खातं मोबाइलच्या दुकानदाराने फोन विकताना उघडून दिलेलं. पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि आता त्यालाही आठवत नाही. त्यापुढची अट एसएमएसची. २०१८ च्या अखेरीस गुगलने नियम आणला की मेसेज वाचण्याची परवानगी मागणारं ॲप दुकानात ठेवायचं असेल तर कारण द्यायचं, ठरावीक अपवादांत बसायचं, वेगळी मंजुरी घ्यायची. ते सगळं वाचून पोराने दुकानाचा नाद सोडला आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचं ठरवलं. साइडलोडिंग म्हणतात ते हेच: दुकानाबाहेरून ॲप घालणं.

संक्रांतीच्या आठवड्यातली दुपार

जानेवारी २०२५. काकूंचे हात तिळाच्या पाकात, म्हणून फोन पोरानेच घेतला. व्हॉट्सॲपमधल्या फाइलवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, या ठिकाणाहून अनोळखी ॲप घालायची परवानगी नाही. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपपुढचं बटण चालू केलं. अँड्रॉइडमध्ये ही परवानगी २०१७ पासून प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते: ब्राउझरला एक, व्हॉट्सॲपला एक. पुन्हा फाइल उघडली. आता दुसरा पडदा: हे ॲप संवेदनशील माहिती मागू शकतं, त्यामुळे अडवलं आहे. खाली एकच बटण, ‘समजलं’ अशा अर्थाचं. ‘तरीही घाला’ असं काही नाही.

हा दुसरा पडदा नवा होता. गुगलने फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये तो आधी आणला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केला. त्याचा नियम साधा आहे. फाइल ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेली असेल, आणि ॲप एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं किंवा ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीनवरचं वाचणं आणि मालकाच्या वतीने बटणं दाबणं) यांपैकी काही मागत असेल, तर थेट बंदी. ॲप कोणी केलं, कशासाठी केलं, हा प्रश्नच येत नाही.

पोराच्या स्वतःच्या फोनवर हेच ॲप महिनाभर बिनतक्रार चाललं होतं, कारण ते लॅपटॉपच्या वायरने घातलं होतं, आणि वायरने घातलेल्या ॲपला हा नियम लागत नाही. काकूंच्या फोनवरही वायरने घालता आलं असतं. पण लॅपटॉप घरी होता, डेव्हलपर पर्याय उघडायला हवे होते, डबे निघायची वेळ झाली होती. त्याने इंटरनेटवर शोधलं आणि दोन मिनिटांत उपाय सापडला: प्ले स्टोअर, वरचा गोल फोटो, प्ले प्रोटेक्ट (गुगलची ॲप तपासणी), सेटिंग, तपासणी बंद. तपासणी बंद केली, ॲप घातलं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली तेव्हा काकूंना म्हणाला, ‘काकू, असं विचारलं की “अनुमती द्या” दाबायचं.’ तिन्ही फोनवर हेच केलं.

तपासणी पुन्हा चालू करायची कोणालाच आठवण राहिली नाही. व्हॉट्सॲपचं बटणही चालूच राहिलं. काम झाल्यावर सेटिंगमध्ये परत जाणारा माणूस मला तरी विरळाच भेटला आहे.

श्रावणातली संध्याकाळ

काकू एकट्या होत्या. मेसेज आला: गॅसचं मागच्या महिन्याचं बिल नोंदलेलं नाही, आज रात्री साडेनऊला जोडणी बंद होईल, अधिकाऱ्याशी संपर्क करा. गेली काही वर्षं मुंबईत पाइप गॅसवाल्यांना हा मेसेज फिरतो आहे. विजेच्या बिलाचीही तीच गत. घरचा गॅस बंद होणं ही इतरांसाठी गैरसोय. डबे करणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशी साठ माणसं उपाशी.

काकूंनी फोन लावला. पलीकडचा माणूस आधी हिंदीत, मग काकूंचा सूर ओळखून मराठीत बोलू लागला. घाई नाही, आवाज चढवला नाही. ‘मावशी, बिल भरलेलं दिसतंय, फक्त अपडेट झालेलं नाही. मी फाइल पाठवतो, त्यात दहा रुपये भरा, लगेच नोंद होईल. फोन ठेवू नका.’ फाइल आली. काकूंनी बोट ठेवलं. व्हॉट्सॲपची परवानगी आधीच चालू, तपासणी आधीच बंद, त्यामुळे एकही पडदा आडवा आला नाही. ॲप बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मागितली. काकूंनी ‘अनुमती द्या’ दाबलं. असं विचारलं की काय दाबायचं ते त्यांना शिकवलेलं होतं. मग दहा रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे. ओटीपी आला तो त्या ॲपने परस्पर पुढे पाठवला. दोन व्यवहारांत ४८ हजार गेले. ते गटाचे नव्हते, काकूंच्या स्वतःच्या खात्यातले होते.

रात्रीच पोराने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ११ हजार पुढच्या एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर निघून गेले होते. गोठवलेले पैसे परत मिळायलाही तेव्हा सहसा न्यायालयाचा आदेश लागायचा. बँकेने उत्तर दिलं की कार्डाचा तपशील ग्राहकाने स्वतः दिला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथे दोन्ही बाजूंनी वाचता येतं. तिसऱ्याच कोणाच्या गैरकृत्यामुळे व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाला, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. फोनवरच्या माणसाने बोलण्यात गुंगवून घेतलेला तपशील निष्काळजीपणात धरायचा का, यावर सगळा वाद अडकतो.

बैठकीत काय झालं

बैठक वादळी झाली. काकू म्हणाल्या, ‘माझ्या फोनची राखण ह्यानेच काढून ठेवली, आणि मला सांगितलंसुद्धा नाही.’ पोरगा रडकुंडीला आला होता, पण त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं: ‘मला एका ॲपपुरती परवानगी हवी होती. फोनने ती दिलीच नाही. म्हणून सगळंच बंद करावं लागलं.’ अध्यक्षबाईंचं मत की ॲप-बिप काही नको, वहीच बरी. खजिनदार ताई मुलाची आई म्हणून गप्प.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा पोराच्या त्या एका वाक्यात आहे. अडवणूक चूक नव्हती. अनोळखी फाइल, तीही व्हॉट्सॲपवरून आलेली, आणि मागते एसएमएस: भारतात अशा दहा फाइलींपैकी किती प्रामाणिक असतील याचा अंदाज कोणीही बांधावा. पण अडवणाऱ्याने दोनच पर्याय ठेवले: किंवा हे ॲप विसरा, किंवा सगळ्याच ॲपांची तपासणी बंद करा. मधला पर्याय म्हणजे हे एकच ॲप, या एकाच फोनवर, मालकाच्या जबाबदारीवर, आणि राखण बाकी सगळ्यांसाठी चालूच. तो असता तर श्रावणातली ती फाइल त्याच पडद्यावर आपटली असती. वायरची वाट होती, पण ती इंजिनिअरांपुरती. ज्यांना वायर माहीत नाही त्यांच्यासाठी ठेवलेली वाट सगळ्यात धोक्याची, ही रचना मला उलटी वाटते.

पोराचीही एक बाजू तपासून पाहायला हवी. त्याच्या ॲपला खरं तर ‘रक्कम जमा’ एवढाच मेसेज हवा होता. पण अँड्रॉइडमध्ये मेसेज वाचायची परवानगी सरसकट असते. ज्या नंबरवर जमा झाल्याचा मेसेज येतो त्याच नंबरवर ओटीपी येतो, आणि परवानगी मिळालेल्या ॲपला दोन्ही सारखेच उघडे. म्हणजे डब्यांच्या हिशोबाचं ॲप आणि चोराचं ॲप फोनकडे अक्षरशः एकच गोष्ट मागत होते. फोनला फरक कळणार कसा? इथे मी फोनच्या बाजूने आहे. पोराने दुसरी वाट शोधायला हवी होती, आणि पुढे शोधलीही. पण परवानगी इतकी ढोबळ कोणी ठेवली, हाही प्रश्न आहेच. बँकांचे ओटीपी वेगळ्या कप्प्यात ठेवून ते कोणत्याही परक्या ॲपला न दाखवणं फोनच्या सॉफ्टवेअरला जमण्यासारखं आहे. ते झालं तर निम्मी अडवणूक अनावश्यकच ठरेल.

अडवणारा नेमका कोण

‘फोन कंपनी’ म्हणताना थोडं थांबायला हवं. तिन्ही फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, पण दुसरा पडदा तिन्हींवर एकच आला, कारण तो गुगलचा. भारतात दहातल्या नऊंहून अधिक फोन अँड्रॉइडवर चालतात. हँडसेट कोणाचाही असो, अखेरचा शब्द गुगलचा. काही कंपन्या त्यावर आपलीही भर घालतात: सॅमसंगच्या नव्या फोनांत ‘ऑटो ब्लॉकर’ चालू असेल तर दुकानाबाहेरचं ॲप बसतच नाही.

आणि इथे खरा पेच सुरू होतो. सोसायटीच्या वॉचमनचंच आवारात किराणा दुकान असेल, आणि बाहेरच्या भाजीवाल्याला आत सोडायचं की नाही हेही तोच ठरवत असेल, तर तो ‘सुरक्षेसाठी’ म्हणाला तरी रहिवाशांना शंका येणारच. वॉचमन प्रामाणिक असेलही. शंका त्याच्या स्वभावावर नसते, त्याच्या दोन नोकऱ्यांवर असते.

ही शंका हवेतली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला दोन दंड ठोठावले: अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरमधल्या ॲपांवर गुगलचंच बिलिंग लादल्याबद्दल ९३६.४४ कोटी. पहिल्या आदेशात असंही होतं की साइडलोडिंगवर निर्बंध घालू नयेत. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले, त्यांत साइडलोडिंगचाही होता. दुसऱ्या प्रकरणातला दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. म्हणजे आपल्याकडच्या कायद्याने पैशाच्या सक्तीवर बोट ठेवलं, अडवणुकीला हात लावला नाही.

शुल्काच्या भांडणात हेच फाटक कसं वापरलं जातं ते १ मार्च २०२४ ला दिसलं. सेवाशुल्काच्या वादात गुगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप दुकानातून काढली. त्यांत नोकरी, भारत मॅट्रिमनी आणि मुंबईची शादी डॉट कॉम होती. सरकारने मध्यस्थी केल्यावर ती काही दिवसांत परत आली. त्या ॲपमुळे कोणाचा फोन धोक्यात आला होता, असं कोणी म्हटलंही नाही. डब्यांना मात्र हे शुल्क लागलंच नसतं, हेही सांगायला हवं: पंधरा ते तीस टक्के कमिशन ॲपमधल्या डिजिटल मालावर आहे, पोळी-भाजीवर नाही. खातं उघडायचे २५ डॉलर सोडले तर कंपनीला या पोराकडून एक पैसाही मिळणार नव्हता. तिने त्याला लोभापायी अडवलं असं म्हणायला इथे जागा नाही.

आणि दुकानातलं ते सुरक्षित, असंही नाही. कर्ज देणाऱ्या ॲपांच्या छळाने माणसं जीव देत होती त्या काळात रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये वेगवेगळ्या ॲप दुकानांत मिळून सुमारे ११०० कर्ज ॲप मोजली. त्यांतली ६०० बेकायदा. पुढे सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने २,२०० हून अधिक कर्ज ॲप काढल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. काढली, म्हणजे तोवर ती आत होती.

वेगळं काही असतं तर

प्रकरण अभ्यासात ‘असं असतं तर’ करून पाहण्याला अर्थ असतो, म्हणून तीन पर्याय काकूंच्या फोनवर ठेवून पाहतो.

तिघींकडे आयफोन असते तर? फसवणुकीची ती फाइल बसलीच नसती. डब्यांचं ॲपही बसलं नसतं. किंबहुना आयफोनवर आलेले एसएमएस असे वाचायची सोयच बाहेरच्या कोणा ॲपला नाही. ४८ हजार बहुधा वाचले असते. बहुधा म्हणतो, कारण कार्डाचा तपशील साध्या वेबपेजवरही काढून घेता येतो आणि ओटीपी फोनवरच विचारता येतो. ‘आयफोन घ्या’ हा सल्ला परळच्या बचत गटाला देणाऱ्याने तो विकतही घेऊन द्यावा.

युरोपसारखा कायदा असता तर? तिथे डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची ॲप दुकानं येऊ द्यावी लागली. मला त्यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या दुकानातल्या ॲपचीही ॲपल एक प्राथमिक तपासणी करतं, घातक आहे का एवढंच पाहतं. म्हणजे तपासणी आणि दुकानदारी वेगळी करता येते. करायची इच्छा हवी, किंवा कायद्याचा बडगा. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, तो अजून मसुदाच आहे.

तिसरा पर्याय येऊ घातलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की अँड्रॉइडवर बसणारं प्रत्येक ॲप, दुकानाबाहेरचंसुद्धा, ओळख पटवलेल्या डेव्हलपरचं, म्हणजे ॲप करणाऱ्याचं, असावं लागेल. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, पुढे इतरत्र. त्यावर ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित फोनांपुरतं खातं असेल, आणि जाणकारांना धोका पत्करून पुढे जायची एक वेगळी वाट ठेवली जाईल. आपल्या पोराने ओळख दिली असती, त्यात त्याला काही अडचण नव्हती. पण ज्या शहरात भाड्याने दिलेली बँक खाती आणि दुसऱ्याच्या आधारवर काढलेली सिमकार्डं पोलिसांना वरचेवर सापडतात, तिथे भाड्याचा डेव्हलपरही सापडेल. चोराचा खर्च वाढेल, काम थांबणार नाही. प्रामाणिक माणसाला मात्र एका कंपनीच्या नोंदवहीत नाव घातल्याशिवाय शेजारणीच्या फोनवर सहजासहजी ॲप देता येणार नाही. हा बदल मला लहान वाटत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत पटलेला उपाय फारसा चर्चेतच नाही. मे २०२५ मध्ये गुगलने अँड्रॉइडसाठी सांगितलं की अनोळखी नंबरशी बोलणं चालू असताना काही गोष्टी करता येणार नाहीत: प्ले प्रोटेक्ट बंद करणं, ब्राउझर किंवा मेसेजिंगमधून पहिल्यांदाच बाहेरचं ॲप घालणं, ॲक्सेसिबिलिटी देणं. यात ॲप कोणाचं हे विचारलेलंच नाही. विचारलं आहे ते एवढंच, की आत्ता तुमच्या कानाशी कोण आहे? काकूंची सगळी फसवणूक त्या ‘फोन ठेवू नका’वर उभी होती. पोराने संक्रांतीला फोन हातात घेतला तेव्हा कोणाशी बोलणं चालू नव्हतं. म्हणजे या एका अटीने प्रामाणिक माणूस आणि चोर वेगळे पडले असते, आणि कोणाची कागदपत्रं मागावी लागली नसती. काकूंच्या बाबतीत मात्र तपासणी आधीच बंद होती आणि व्हॉट्सॲपची वाटही आधीच मोकळी, त्यामुळे त्या संध्याकाळी त्याचाही किती उपयोग झाला असता याबद्दल मी फार आशा धरत नाही.

तेव्हा माझं मत असं. धोकादायक परवानग्यांवर फोनने कडक असावं, घाई मोडावी, हवं तर एक रात्र थांबायला लावावं. पण ॲप कोणाकडून घ्यायचं याचा शेवटचा होकार मालकाचा असावा, आणि तो एका ॲपपुरता देता यावा. जी कंपनी दुकान चालवते तिचं ‘नाही’ अंतिम असेल, तर त्यावर दाद मागायची जागा तिच्या बाहेर हवी. आणि हा अधिकार कंपनीकडून काढून सरकारकडे देणं हा उपाय नव्हे. केंद्र सरकारच्या २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने सरकारचंच संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनवर सक्तीने घालायचं ठरलं, आणि गदारोळ झाल्यावर आठवड्याच्या आत सक्ती मागे घेतली गेली. नको असलेलं ॲप लादणं हीसुद्धा त्याच अधिकाराची दुसरी बाजू.

सध्या काय चाललंय

पोराने ॲप काढून टाकलं. आता हिशोब एका साध्या वेबपेजवर आहे. फोनमध्ये काहीच घालावं लागत नाही, एसएमएस वाचले जात नाहीत. पैसे आले की घेणारीने रक्कम आणि डब्याचा नंबर हाताने भरायचा. विसरलं तर शनिवारी शोधाशोध होतेच, पण तिघींच्या नंबरांऐवजी सगळे पैसे आता गटाच्याच क्यूआरवर येतात, काकू त्याचं लॅमिनेट केलेलं कार्ड गळ्यात घालून फाटकाशी उभ्या राहतात. खरं तर कार्डाची ही कल्पना आधी सुचली असती तर एसएमएस वाचायची गरजच पडली नसती, असं खजिनदार ताई म्हणाल्या, आणि पोराने मान डोलावली.

गटातल्या सगळ्या बायकांचे फोन त्याने एका रविवारी बसून तपासले: प्ले प्रोटेक्ट चालू आहे का, आणि सेटिंगमधल्या ‘अनोळखी ॲप’च्या यादीत कोणाला परवानगी आहे. ज्या फोनांना त्याने कधी हात लावला नव्हता, त्यांतल्याही काहींवर व्हॉट्सॲप आणि ब्राउझर चालूच सापडले. कोणी केलं, विचारलं तर कोणालाच सांगता येईना. बहुतेक कुठल्या तरी भाच्याने क्रिकेट बघायचं ॲप घालून दिलं होतं.

काकूंची तक्रार बँकेने फेटाळल्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेली आहे. अर्जात पोराने एक परिच्छेद स्वतःच्या नावाने घातला, की तपासणी मी बंद केली होती, त्यांना माहीत नव्हतं. तो ठेवावा की नाही यावर गटात दोन तट होते. ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की त्याने निष्काळजीपणाचा मुद्दा कमकुवत होतो की पक्का, हे वाचणाऱ्यावर अवलंबून आहे. काकूंनी तो राहू दिला.